पेटीत न गेलेले आंबे

रत्नागिरीच्या घरात एरवी गोड होतं ते सणाला, नाहीतर पाहुणा आला म्हणून. एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला की मात्र गोडाची सगळी जबाबदारी झाडं उचलतात. हापूस उतरू लागलेला असतो, रायवळांचा सडा पडतो, फणस झाडावरच घमघमतात, काजूचे लाल-पिवळे बोंडू गळतात, करवंदीच्या जाळ्या काळ्या होतात आणि मे उतरणीला लागला की रातांबे पिकतात. हे सगळं जेमतेम दोन महिन्यांत उरकायचं असतं. सात जूनच्या सुमाराला मृग लागतो. इथला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त. त्याने एकदा धरलं की झाडावर राहिलेलं फळ किड्यांचं. तोवर खाववेल तेवढं खायचं आणि उरेल ते टिकवायचं. कोकणातले उन्हाळी गोड पदार्थ या घाईतून जन्मले आहेत, म्हणूनच ते सोपे आहेत. परसात टोपल्यांनी फळ येऊन पडलेलं असताना दुपारभर कढईशी उभं राहून करायचं पक्वान्न कोणाला परवडणार?

बाहेरगावच्या माणसांना वाटतं, रत्नागिरीकर उन्हाळाभर हापूसच खातात. बागायतदाराच्या घरात तसं नसतं. चांगला हापूस हे त्याचं वर्षाचं उत्पन्न. चौदा आणे तयार झालेला आंबा झेल्याने देठासकट उतरवायचा, चीक सालीवर सांडू द्यायचा नाही, वजनाप्रमाणे निवड करायची, पेंढा घालून पेट्या भरायच्या आणि वाशीच्या बाजाराला लावून द्यायच्या. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर पेटीचा मान आणखी वाढला. घरात राहायचे ते पेटीत न बसणारे आंबे. बारके, डागी, पडीचे, देठ तुटलेले, उन्हाने एका अंगाला भाजलेले. त्यांतलेही बरेचसे कॅनिंगला किलोवर जायचे. त्यातूनही जे राहत, त्यांची आढी माजघराच्या कोपऱ्यात लागायची आणि त्या वासाने रात्री झोप लागायची नाही.

माझं ठाम मत आहे की रत्नागिरीचं खरं उन्हाळी गोड या पेटीत न गेलेल्या आंब्यांनीच घडवलं. पहिल्या प्रतीच्या हापूसचं काही करायचं नसतं. तो धुवायचा, कापायचा, खायचा. त्यात दूध-साखर घालणं हा त्या फळाचा अपमान आहे, असं आमची आजी म्हणायची आणि मीही तेच म्हणते. करामत लागते ती उरलेल्या फळाला. एका बाजूने मऊ पडलेला आंबा, आंबट निघालेला आंबा, कापल्यावर आत पांढरट भुसभुशीत साका निघालेला आंबा. साका ही हापूसची जुनी खोड, बाहेरून पत्ताही लागत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ ही जात दिली, तिच्यात साका होत नाही. पण घरात साक्याचं दुःख कोणी केलं नाही. तेवढा भाग चमच्याने काढायचा, बाकीचा रसात. रसात सगळे आंबे एकमेकांना सांभाळून घेतात. अति गोडाला आंबट, पातळाला दाट.

आणि या सगळ्याच्या वर रायवळ. हापूस हा कलमाचा आंबा, त्यामुळे या बागेतला आणि त्या बागेतला चवीला फार वेगळा नसतो. रायवळ कोयीपासून उगवलेला, त्यामुळे प्रत्येक झाडाची चव निराळी, रस निराळा, वास निराळा. आमच्या वाडीत झाडांना नावं होती. एक शेप्या, कारण त्याला शेपूचा वास. एक साखऱ्या. एक खोबऱ्या, ज्याचा गर दाताला कुरकुरीत लागायचा. विहिरीकडच्या वाटेवरच्या झाडाला मूठभर बिटक्या लागायच्या, तोंडाला भोक पाडून पिळायच्या आणि एका घोटात संपवायच्या. रायवळ विकायचा म्हटलं तर पैसा मिळत नाही, साल नाजूक, दोन दिवसांत उतरतो, मुंबईपर्यंत टिकत नाही. म्हणून तो सगळ्यांचा. वाटेवरचा रायवळ उचलायला कोणाला विचारावं लागत नसे. पहाटे अंधारात धप्प आवाज आला की आम्ही पोरं अंथरुणातून उठून फणसाच्या पानांवरचं दव तुडवत धावायचो, आणि परकराच्या ओच्यातून आंबे आणायचो.

त्या ओच्यातल्या आंब्यांचं साठ व्हायचं. बाजारात त्याला आंबापोळी म्हणून विकतात, पण आमच्याकडे साठच. ते घालण्यात कौशल्य म्हणाल तर फार थोडं आहे, लागतं ते ऊन, आणि लक्ष. आंबे पाण्यात टाकून ठेवायचे, मग माचवून पिळायचे. आत्या आणि आजी पडवीत समोरासमोर बसून पातेल्यात रस काढत, कोपरापर्यंत हात पिवळे. रायवळाला धागे फार, म्हणून रस पुरणयंत्रातून नाहीतर जाड चाळणीतून काढावा लागतो. साखर चवीपुरती. आंबट आंबा असेल तर थोडी जास्त. चिमूटभर मीठ. मग परातींना आणि थाळ्यांना तुपाचा हात फिरवायचा, आणि रस बोटाच्या पेराच्या निम्म्याहूनही कमी जाडीचा ओतायचा. इथेच सगळं आहे. जाड ओतला तर वरून वाळतो आणि आत आंबतो. थाळा हातात धरून हलकेच तिरका करत फिरवला की रस आपणहून सगळीकडे सारखा बसतो.

थाळे खळ्यात बाजेवर मांडायचे, बाजेचे पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. वर आजोबांचं जुनं धोतर पसरायचं. राखणीला एक जण काठी घेऊन, कारण कावळे आणि कोंबड्या या दोघांनाही साठाचा वास फार लवकर कळतो. ते काम आम्हा मुलांचं. दुपारचं ऊन, खळ्यातली शेणाने सारवलेली जमीन तापलेली, आंब्याच्या सावलीत बसून थाळ्यांकडे बघत राहायचं. पहिल्या दिवशी रस चकाकतो. संध्याकाळी त्यावर साय धरते. खारी हवा सुटायच्या आत थाळे घरात घ्यायचे, सकाळी पुन्हा बाहेर, आणि त्या सायीवर ताज्या रसाचा दुसरा थर. तिसऱ्या दिवशी तिसरा. केशरी रंग हळूहळू गडद होत तपकिरीकडे झुकतो. मग एका दुपारी कडा थाळ्यापासून सुटते आणि वर वळते. ती वळलेली कडा राखण करणाऱ्याची, हा घरचा कायदा होता. त्या कडेची चव, बाहेरून चिवट, आतून अजून ओलसर, जिभेवर आंबट आणि मागून गोड, ही मला कुठल्याही मिठाईच्या दुकानात कधी मिळाली नाही. शेवटी साठ उलटं करून खालच्या अंगाला ऊन द्यायचं, आणि घड्या घालून डब्यात. किलोभर रसाचं जेमतेम पाव किलो साठ होतं. बाकी सगळं पाणी उन्हाने नेलेलं असतं. श्रावणातल्या उपासाला त्याचा तुकडा दुधात कुस्करायचा. बाहेर पाऊस कोसळत असायचा आणि वाटीत मे महिना.

साठाची आता पाकिटं मिळतात, वर्षभर, एकाच जाडीची, एकाच रंगाची. चांगली असतात. पण ती खाताना माणूस एक आंबा खातो. घरच्या साठात शेप्या, साखऱ्या, दोन डागी हापूस आणि विहिरीवरच्या बिटक्या असे सगळे एकत्र असत, थरावर थर.

फणसाचं तंत्र वेगळं. कापा फणस गरे खायला, त्याचं गोड करत बसू नये. बरका मात्र त्यासाठीच जन्मलेला. त्याचा गर बुळबुळीत, हातात धरवत नाही, पण रस असा की गुळाची आठवण होऊ नये. तांदळाच्या कण्या नाहीतर जाडसर रवा धुऊन भाजायचा, बरक्याचा रस, ओलं खोबरं, थोडा गूळ, मीठ, आणि हवी तर वेलची. कालवून तासभर ठेवायचं आणि इडलीपात्रात वाफवायचं. इडलीपात्र घरात येण्याआधी वाट्यांत उकडत. ही सांदणं. वर नारळाचा रस, गूळ घातलेला. आंब्याच्या रसाचीही सांदणं तशीच होतात, आणि ज्यांना बरक्याचा वास सोसत नाही त्यांनी तीच करावीत. या पदार्थात एक थेंब तेल लागत नाही, आच लागते ती पंधरा-वीस मिनिटं, आणि लहान मुलाला एकट्याने कालवायला देता येतो.

रातांब्याला तर आचही लागत नाही. पिकलेला लालभडक रातांबा धुऊन पुसायचा, आडवा कापायचा, बिया आणि गर काढला की दोन वाट्या हातात येतात. त्या वाटीत साखर भरायची आणि साखरेसकट काचेच्या बरणीत एकीवर एक रचायच्या. वरून पुन्हा साखर. तोंडाला फडकं बांधून बरणी खिडकीत, उन्हात. साखर सालीतला रस ओढून घेते आणि पहिल्या संध्याकाळीच तळाला माणकासारखा पाक दिसू लागतो. मुलांना हे फार आवडतं, कारण कोणीही काही करत नसताना बरणी आपली आपण भरत जाते. आठवड्याभराने ते अमृत कोकम. पाण्यात, जिऱ्याची पूड आणि मीठ घालून सरबत तर सगळेच करतात. पण तोच पाक ठेचलेल्या बर्फावर ओतून वाटी-चमच्याने खावा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या कोकमालाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तरीही आपल्या गाड्यांवर बर्फाच्या गोळ्यावर बाटलीतले लाल-हिरवे रंग पडतात, ही मला मनापासून खंत वाटणारी गोष्ट आहे. ज्या गावाच्या परसात हा रंग झाडाला लागतो, त्या गावाने तो बाटलीतून का आणावा?

बर्फाचं नाव निघालं आहे तर त्याच्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण साठ हा जसा उन्हाचा पदार्थ तसा आमच्या लहानपणचा दुसरा मोठा सोहळा बर्फाचा होता. आपल्याकडे बर्फ हा परका पाहुणा. अमेरिकेतल्या बोस्टनजवळच्या तळ्यांवरचा बर्फ कापून फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने १८३३ मध्ये जहाजाने कलकत्त्याला पाठवला. चार महिने समुद्रावरून, भुशात गुंडाळून. पुढे मुंबईतही असा बर्फ येऊ लागला, आणि तो साहेबांच्या आणि शेटजींच्या टेबलापुरता राहिला. कोकणातल्या खेड्यात बर्फ ही नुसती ऐकायची गोष्ट होती. इथे तो घराघरांत पोचला तो आंब्यामुळे नाही, मासळीमुळे. बंदरावर बोटी वाढल्या, मासळी लांबच्या बाजारांत जाऊ लागली, तशी बर्फाची गरज पडली. आमच्या घरी आइस्क्रीमचा पॉट फिरायचा त्या दिवशी बर्फाची लादी मिरकरवाडा बंदराकडून यायची, गोणपाटात गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरवर, मागे पाण्याची धार सोडत. जाडं मीठही तेच, मासळी खारवायचं. सुरमईला जे थंड ठेवायचं त्यानेच आमचं आइस्क्रीम जमायचं, आणि याचं त्या गावात कोणालाच नवल वाटायचं नाही.

पॉट म्हणजे लाकडी पिंप, त्याच्या आत उभा पत्र्याचा डबा, डब्यात लाकडी पातं, वर दातेरी चाकं आणि बाजूला हँडल. घरोघरी नसायचा. कोणाकडून तरी मागून आणायचा नाहीतर भाड्याने. आदल्या रात्री आई दूध आटवून ठेवायची. साखर घालून, निववून, मगच त्यात हापूसचा रस. गरम दुधात रस घातला तर फाटण्याची भीती. त्या दिवशी मात्र रसाला रायवळ चालत नसे, धागे पात्याला अडकतात. डागी हापूस निवडून ठेवलेले असत. डबा तीन चतुर्थांशच भरायचा, कारण फिरता फिरता मिश्रणात हवा भरते आणि ते फुगतं. मग गोणपाटातली लादी मुसळाने ठेचायची, आणि डब्याभोवती बर्फाचा थर, मिठाचा थर, बर्फाचा थर. काका ओरडायचे, “मीठ आत गेलं तर सगळं नासेल हां! झाकण नीट बघा रे!” झाकण बघायला आम्ही सगळेच डोकी एकत्र घालायचो.

नुसत्या बर्फाने आइस्क्रीम जमत नाही. दुधात साखर आहे, ते शून्य अंशाला गोठत नाही. त्याला आणखी थंडी लागते. बर्फावर मीठ पडलं की बर्फ वितळू लागतो, आणि वितळायला लागणारी उष्णता तो जवळच्या वस्तूतून ओढून घेतो. जवळची वस्तू म्हणजे डबा. मिठाच्या पाण्याचं तापमान शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत उतरतं. हे मी पुढे शाळेत शिकले, पण बोट पिंपात घातलं की ते झोंबतं हे त्याआधीच माहीत होतं. हँडलवालं हे यंत्रही काही आपलं नव्हे. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. घरातल्या बायकांचं आणि मुलांचं काम हलकं करणारी ही युक्ती एका बाईने काढली आणि ती शंभर-सव्वाशे वर्षांनी आमच्या खळ्यापर्यंत पोचली, याचं मला फार अप्रूप वाटतं. फिरवण्यामागे कारण आहे. स्थिर ठेवलं तर बर्फाचे मोठे खडे धरतात आणि जिभेवर करकरतात. पातं सतत डब्याच्या भिंतीवरचं गोठलेलं खरवडून आत ढकलत राहतं, म्हणून खडे बारीक राहतात.

आम्हाला मात्र फिरवायचं कारण एवढंच ठाऊक होतं की प्रत्येकाची पाळी आली पाहिजे. सुरुवातीला हँडल हलकं, तेव्हा लहानांची पाळी. पंधराएक मिनिटांनी ते जड होऊ लागे, मग मोठी मुलं. शेवटी काका, आणि पिंप हलू नये म्हणून त्यावर गोणपाट टाकून सगळ्यांत वजनदार भावाला बसवायचं. त्याच्या पाठीखालून थंडगार खारं पाणी भोकातून वाहायचं आणि तो बसल्या बसल्या कुडकुडायचा. हँडल फिरेनासं झालं की झालं. झाकण उघडल्यावर पात्याला चिकटलेलं आइस्क्रीम कोणी चाटायचं यावरून जी भांडणं झाली त्यांचे निवाडे आजीच करायची. पहिली वाटी देवाला नाही, आजोबांना. त्यांना दात नव्हते, आणि ते डोळे मिटून खायचे.

मे महिन्यात घर माणसांनी भरलेलं असे. मुंबईचे चाकरमानी पूर्वी बोटीने येत, मग एसटीने, १९९८ नंतर कोकण रेल्वेने. एवढी तोंडं म्हणजे एवढे हातही. पॉट एकट्या माणसाचा नाहीच, साठही नाही. एक जून उजाडला की यांत्रिक बोटींची मासेमारी दोन महिने बंद होते. त्याच सुमारास आमची सुट्टीही संपत आलेली असे आणि पॉट पुन्हा माळ्यावर चढे.

फ्रीज आला आणि हे सगळं सोपं झालं, असं म्हणतात. मला ते पटत नाही. फ्रीजने मोठ्यांचं काम कमी केलं आणि मुलांचं काम काढूनच घेतलं. आता आई मिक्सरमध्ये आंबा, साय आणि डब्यातलं आटीव दूध फिरवते, डबा फ्रीझरमध्ये ठेवते, आणि मुलगा सकाळी उठून खातो. पदार्थ झाला, छानही झाला, पण मुलाला त्यातलं काही करायला मिळालं नाही. दुकानातल्या कपाचं तर विचारूच नका, त्यात मुलाचा वाटा फक्त झाकण काढण्याचा. मूल उन्हाळ्यात घरी असतं, त्याला वेळ असतो, त्याचे हात रिकामे असतात. त्या हातांना गोडाचं काम द्यावं, यासाठी हा सगळा लेखाचा खटाटोप.

पॉट नसला तरी चालतो. मी हल्ली मुलांबरोबर असं करते. एक मोठा प्लास्टिकचा डबा घ्यायचा आणि एक लहान स्टीलचा, घट्ट झाकणाचा. लहान डब्यात गार दूध, साखर आणि आंब्याचा रस, निम्म्यापेक्षा जरा जास्त. तो मोठ्या डब्यात ठेवून भोवती बर्फ आणि जाडं मीठ, बर्फाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकं. मोठ्याचं झाकण लावायचं, पंचात गुंडाळायचं, आणि अंगणात मुलांना एकमेकांकडे लोळवायला द्यायचं. अर्ध्या तासाने मऊसर आइस्क्रीम तयार असतं. कडक होत नाही, व्हायची गरजही नाही. मध्ये एकदा उघडून कडेचं खरवडून आत ढकलावं.

चक्का टांगण्याचं कामही मुलांनाच द्या. ताजं, आंबट न झालेलं दही फडक्यात बांधून रात्रभर खुंटीला, सकाळी त्यात आटवलेला रस आणि पिठीसाखर. रस आधी मोठ्यांनी आटवायलाच हवा. कच्चा रस घातला तर आम्रखंड पातळ होतं. शहाळं फोडून घेतलं तर पाणी पिऊन मलई टाकू नका, चमच्याने काढून, काकवी घालून गार करा. जांभळं, करवंदं धुऊन, साखर आणि मीठ लावून झाकून ठेवा, त्यांना सुटलेला रस बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. आणि जाड्या पोह्यांवर आंब्याचा रस, वर नारळाचं दूध. ही आमच्या घरची दुपारची न्याहारी, आणि मला विचाराल तर कुठल्याही पुडिंगपेक्षा सरस. यातल्या एकाही गोष्टीला गॅसजवळ मुलांना उभं करावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र दुकानातून आणता येणार नाही आणि ती संपत चालली आहे. रायवळाची झाडं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेचे जुने वृक्ष गेले. बागांतले रायवळ हापूसची कलमं लावण्यासाठी तोडले जातात, कारण त्यांना भाव नाही. यात नुकसान आहे ते नुसतं चवीचं नाही. हापूसचं कलम बांधतात तेच मुळी रायवळाच्या कोयीपासून वाढवलेल्या रोपावर. खाली मूळ रायवळाचं आणि वर फांदी हापूसची. ज्या आंब्याला बाजारात कोणी विचारत नाही, त्याच्याच खोडावर मानांकनाचा आंबा उभा आहे. आणि रायवळाचं एक झाड गेलं की ती चव कायमची जाते. हापूस एक गेला तर दुसरं कलम आणता येतं, शेप्या कुठून आणणार?

तेव्हा रत्नागिरीच्या बाजारात, किंवा पावस-गणपतीपुळ्याच्या वाटेवर, टोपली घेऊन बसलेली बाई दिसली तर तिच्याकडचे रायवळ घ्या. घासाघीस करू नका, मुळातच ते स्वस्त असतात. घरी नेऊन मुलांना पिळायला बसवा, कपडे खराब होतील ते होऊ द्या. रसाचं काय करायचं ते वर लिहिलंच आहे. कोयी मात्र कचऱ्यात टाकू नका. आंब्याची कोय वाळली की तिची रुजण्याची ताकद फार दिवस टिकत नाही, म्हणून धुऊन आठवड्या-दोन आठवड्यांतच मातीत पुरा, परसात, बांधावर, नाहीतर पिशवीत. मृगाचा पाऊस बाकीचं बघतो.